रंगकाम दोन-तीन दिवस चालणार असल्यास ब्रश आणि रोलर रोज धुवावे लागतात का?

नाही, काम दुसऱ्या दिवशी पुढे न्यायचे असेल, तर ब्रश आणि रोलरमधील जास्तीचा रंग निपटून ते प्लास्टिकच्या पिशवीत आतली हवा काढून घट्ट गुंडाळावेत, तोंड रबरबँडने बांधावे आणि सावलीत ठेवावेत. इमल्शन, म्हणजे भिंतींच्या पाण्यावर आधारित रंगातील पाणी उडून गेले की त्यातील पॉलिमरचे (प्लास्टिकसारख्या पदार्थाचे) कण एकमेकांत मिसळून पापुद्रा तयार होतो आणि तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी उडू न देणे एवढेच साधायचे असते. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना आणि खोलीत कूलरचा वारा सुरू असताना उघडा ब्रश चहा होईपर्यंतच कडक होऊ लागतो. तेव्हा पिशवी दुपारच्या जेवणाच्या वेळीही वापरावी. दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट मात्र हवेतील ऑक्सिजनमुळे घट्ट होत असल्याने त्याचा ब्रश रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवला तरी चालतो, फक्त केस तळाला टेकून वाकू नयेत यासाठी तो तारेने लटकवावा आणि सकाळी पाणी पूर्ण झटकून, पुसून मगच रंगात घालावा. ही सोय एक-दोन दिवसांपुरतीच आहे: त्याहून अधिक खंड पडणार असेल, तर इमल्शनचा ब्रश साबणाच्या पाण्याने आणि ऑइल पेंटचा टर्पेंटाइनने धुवावा. इपॉक्सीसारख्या हार्डनर (रंग घट्ट करणारे रसायन) मिसळलेल्या रंगांना यातले काहीच लागू नाही, कारण ते बंद पिशवीतही घट्ट होतात.