बूस्टर बदलण्याआधी मास्टर सिलिंडरच्या मागे बोट फिरवा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: जुनी डिझेल फोर बाय फोर, ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालंय, ब्रेक ऑइल दर महिन्याला थोडं उतरतं पण चारही चाकांपाशी कुठे ओल नाही, आणि मेकॅनिक म्हणतो बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा डबा) गेला, नवा टाका. बूस्टर गेलाही असेल. पण तो कशामुळे गेला ते आधी शोधा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, बूस्टरवर ज्या नटांनी बसवलाय ते काढा. बहुतेक गाड्यांत पाइप न सोडताही सिलिंडर दोन बोटं पुढे सरकतो. जोर मात्र करू नका, जुने पाइप मुरगळतात. आता सिलिंडरच्या मागच्या बाजूने बोट फिरवा. बोटाला ओल लागली, खाली बूस्टरचा रंग फुगून सुटलेला दिसला, की तुमचं ऑइल कुठे जातंय ते कळलं. मागचं सील गळतं आणि ऑइल सरळ बूस्टरच्या पोटात उतरतं. बाहेर थेंब पडत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कुणाला पत्ता लागत नाही. मी हीच चूक केली होती: फक्त बूस्टर बदलला, सिलिंडर ‘अजून चालतोय’ म्हणून तोच ठेवला. काही महिन्यांत पेडल पुन्हा कडक. बूस्टर काढून उलटा केला तर आतून वाटीभर काळं ऑइल निघालं.

सील कोरडं निघालं तर संशय व्हॅक्यूम पंपावर घ्या, म्हणजे बूस्टरमधली हवा ओढून घेणाऱ्या पंपावर. पेट्रोल गाडीत व्हॅक्यूम इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधून मिळतो. जुन्या डिझेलला हवा अडवणारा थ्रॉटलच नसतो, त्यामुळे वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, पुष्कळदा अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारा, मग दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं नाही तर बूस्टरचा होज काढून त्याला गेज लावा. चांगला पंप पाऱ्याचे 600 ते 700 मिलिमीटर दाखवतो. गेज तिथे पोचत नसेल तर दोष पंपात किंवा होजमध्ये. व्हॅक्यूम भरपूर आणि पेडल तरी कडक, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह तपासा, आणि तो ठीक असेल तरच बूस्टरला दोष द्या. हा व्हॉल्व्ह तोंडाने फुंकूनही तपासता येतो, हवा एकाच बाजूने गेली पाहिजे.

या व्हॅक्यूमवर किती अवलंबून असतं बघा. 23 सेंटिमीटरच्या डायफ्रामचं (बूस्टरमधल्या पडद्याचं) क्षेत्रफळ सुमारे 415 चौरस सेंटिमीटर. 500 मिलिमीटर व्हॅक्यूमलाही त्यावर पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर येतो. तो गेला की सगळं तुमच्या पायावर. उंच घाटात तर हवेचाच दाब कमी असतो, त्यामुळे आधीच अशक्त झालेला बूस्टर नेमका तिथे उघडा पडतो.

आता रीबिल्ड की नवा? बूस्टर घरी उघडू नका. पत्र्याची कड दाबून बंद केलेली असते, आत दमदार स्प्रिंग असते, आणि पुन्हा हवाबंद करणं घरच्या हत्यारांचं काम नाही. मास्टर सिलिंडरचं नव्या सीलचं किट मात्र घरी बसवता येतं, बोअर (सिलिंडरची आतली भिंत) चांगला असेल तर. टॉर्चच्या उजेडात आत बघा, नख फिरवा. नख अडकेल असा खड्डा असेल तर किट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. बिडाच्या बोअरला हलकं होनिंग (आतून घासून गुळगुळीत करणं) चालतं. अॅल्युमिनियमच्या बोअरला अजिबात नको, वरचा कडक थर निघून जातो आणि नवं सील खाल्लं जातं. सगळं धुवायचं ते ब्रेक ऑइलने किंवा ब्रेक क्लीनरने. डिझेल, पेट्रोल किंवा ग्रीस लागलं की रबर फुगलंच म्हणून समजा.

बसवताना घोळ होतो तो पुशरॉडपाशी, म्हणजे बूस्टरमधून सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या दांड्यापाशी. रॉड बाहेर ओढू नका. त्याच्या मागची रबराची चकती आत पडली तर पाय नुसता टेकला तरी ब्रेक झटका देतात. सिलिंडरच्या पिस्टनच्या खळगीत मुलांच्या खेळण्यातली मऊ माती ठेवा, सिलिंडर पूर्ण आवळा, पुन्हा काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. तीच रॉड आणि पिस्टनमधली फट. मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा, फट शून्य मात्र कधीच नको.

ब्लीडिंगआधी (ब्रेकच्या पाइपांतली हवा काढण्याआधी) सिलिंडर व्हाइसमध्ये धरून त्यातली हवा काढा. मग चाकं, शक्यतो लांबच्यापासून. जुनाच सिलिंडर ठेवला असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. नाहीतर पेडल पूर्ण खाली जाऊन, एरवी पिस्टन जिथे कधीच जात नाही त्या गंजक्या भागावर सील घासलं जातं, आणि काल धड असलेला सिलिंडर आज गळायला लागतो. ऑइल नव्या सीलबंद डब्यातलंच घ्या. डॉट 3 दर्जाचं ऑइल कोरडं असताना किमान 205 अंशांना उकळतं, पाणी शोषलं की ही मर्यादा 140 वर येते. पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. डॉट 4 ला तेच आकडे 230 आणि 155 आहेत.

पहिली चक्कर मोकळ्या मैदानात, दहा-पंधरा मिनिटं. परत आल्यावर चाकांजवळ हात न्या, थेट टेकवू नका. चारही चाकं तापलेली आणि गाडी ढकलून हलत नसेल तर मास्टर सिलिंडरचे नट थोडे ढिले करा. त्यासरशी चाकं सुटली तर पुशरॉड लांब पडलाय: पिस्टन पूर्ण मागे येत नाही, परतीचं भोक झाकलेलं राहतं आणि तापून फुगलेलं ऑइल चाकांतच अडकतं. रॉड अर्धा आटा आत घ्या आणि मातीची चाचणी पुन्हा करा.