खोकल्याचे सिरप आणि दोन वर्षांची बंदी

फुटबॉलमधील उत्तेजक द्रव्ये, चाचण्या आणि निलंबनाचे नियम यांविषयी गेल्या काही आठवड्यांत नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा शाळेकडून आणि क्लबकडून फुटबॉल खेळतो. राज्य संघाच्या निवड शिबिरासाठी त्याचे नाव गेले आहे. थंडीत त्याला खोकला झाला, म्हणून घराजवळच्या मेडिकलमधून सिरप आणून दोन-तीन दिवस दिले. त्याच्या सरांनी बाटली पाहिली आणि औषध ताबडतोब बंद करायला सांगितले. चाचणीत सापडला तर खेळणे बंद होईल, असे ते म्हणाले. खोकल्याच्या औषधाने कोणी चांगला फुटबॉल खेळतो का? मी फार घाबरले आहे.
– एक आई, कामठी

उत्तर : ताई, सरांनी वेळेवर सांगितले, हे चांगले झाले. घाबरू नका, पण ही गोष्ट हलक्यानेही घेऊ नका. ती बाटली हातात घेऊन मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. आपल्याकडे मिळणाऱ्या खोकल्याच्या अनेक सिरपमध्ये ब्रोमहेक्झिन आणि ग्वायफेनेसिन यांच्या जोडीला टर्ब्युटालिन सल्फेट असते. काहींमध्ये त्याऐवजी साल्ब्युटामॉल किंवा लिव्होसाल्ब्युटामॉल असते. ही द्रव्ये श्वासनलिका मोकळी करतात आणि पोटातून मोठ्या मात्रेत घेतल्यास स्नायूंच्या वाढीवरही परिणाम करतात. म्हणूनच जागतिक उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत त्यांना सामन्याच्या दिवशीच नव्हे, तर वर्षभर बंदी आहे. साल्ब्युटामॉल पंपाने ओढून घेतल्यास २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत आणि कोणत्याही ८ तासांत ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते, परंतु तेच सिरपमधून चालत नाही. टर्ब्युटालिन तर कोणत्याही मार्गाने चालत नाही.

आपल्या प्रश्नाला जोडूनच एक उदाहरण आहे. २०२२ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अर्जेंटिनाच्या संघातील पापू गोमेझ याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. रात्री त्रास झाल्यामुळे मुलाचे खोकल्याचे औषध आपण घेतले, असे त्याने सांगितले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला २ वर्षांची बंदी झाली. इथे मूळ तत्त्व असे आहे की शरीरात जे सापडले त्याला खेळाडू स्वतः जबाबदार असतो. औषध आईने दिले, डॉक्टरांनी लिहिले की दुकानदाराने सुचवले, यावर नियमभंग झाला की नाही हे ठरत नाही. शिक्षा किती द्यायची, हे ठरवताना मात्र त्या सगळ्याचा विचार होतो.

आपल्या मुलाच्या बाबतीत नियम काहीसे सौम्य आहेत. १८ वर्षांखालील जो खेळाडू नोंदणीकृत चाचणी गटात, म्हणजे चाचण्यांसाठी आधीच निवडलेल्या खेळाडूंच्या यादीत नाही आणि वयोमर्यादा नसलेल्या खुल्या गटात आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळलेला नाही, त्याला विशेष संरक्षण आहे. त्याचा दोष फारसा नसेल, तर समज देण्यापासून जास्तीत जास्त २ वर्षांपर्यंतच शिक्षा होऊ शकते आणि त्याचे नाव जाहीर करणेही बंधनकारक नसते. तरीही १६ व्या वर्षी निवड शिबिर हुकणे ही मुलासाठी लहान गोष्ट नाही, हे मी जाणतो.

आता करायचे ते असे. औषध थांबवा, मुलाला डॉक्टरांकडे न्या आणि तो स्पर्धा खेळतो हे त्यांना आधी सांगा, म्हणजे ते दुसरे औषध लिहून देतील. पॅरासिटामॉल, सेटिरिझिन किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांवर बंदी नाही. जुनी बाटली, बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपून ठेवा. शिबिरात किंवा स्पर्धेत चाचणी झालीच, तर त्या वेळी भरायच्या अर्जात मागील ७ दिवसांत घेतलेल्या औषधांची नोंद करायची असते. तिथे या सिरपचे नाव लपवू नये. दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांनीही लक्षात ठेवावे की इन्सुलिनसारखे प्रतिबंधित औषध खरोखर आवश्यक असेल, तर उपचारासाठीची सूट नियमानुसार मागता येते. आजारी मुलाने औषधावाचून राहावे, असे कोणीही म्हणत नाही.

प्रश्न : फ्रान्सचा फुटबॉलपटू पॉल पॉग्बा याला आधी ४ वर्षांची बंदी झाली आणि नंतर ती १८ महिन्यांवर आली. मोठ्या खेळाडूंसाठी नियम वाकवले जातात का? आपल्याकडच्या एखाद्या मुलाला अशी सवलत मिळेल का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : आपल्या प्रश्नाचे दोन भाग करावे लागतील, कारण पहिल्याचे उत्तर नाही असे आहे आणि दुसऱ्याचे उत्तर तितके सोपे नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये उदिनेसे विरुद्ध युव्हेंटस या इटलीतील क्लबांच्या सामन्यानंतर पॉग्बाचा नमुना घेण्यात आला. त्या सामन्यात तो युव्हेंटसचा राखीव खेळाडू होता आणि एक मिनिटही मैदानात उतरला नव्हता. नमुन्यात बाहेरून आलेले टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक आढळले. त्याला ११ सप्टेंबरपासून तात्पुरते निलंबित करण्यात आले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये इटलीतील न्यायाधिकरणाने ४ वर्षांची बंदी घातली. टेस्टोस्टेरॉनसारख्या द्रव्यासाठी मूळ शिक्षा तेवढीच आहे. आपला हेतू फसवणुकीचा नव्हता, हे खेळाडूला स्वतः सिद्ध करावे लागते. हेतू नव्हता हे पटले, तर शिक्षा २ वर्षांवर येते. त्यानंतर दोष मोठा नव्हता असेही दाखवता आले, तर ती आणखी कमी होते, पण अशा द्रव्याच्या बाबतीत सहसा निम्म्यापेक्षा खाली जात नाही. स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिलेले १८ महिने याच चौकटीत बसतात. अमेरिकेतील एका डॉक्टरांनी दिलेल्या पूरक गोळ्यांतून डीएचईए हे द्रव्य, ज्यापासून शरीरात टेस्टोस्टेरॉन बनते, शरीरात गेले, हे त्याचे म्हणणे लवादाने मान्य केले. परंतु व्यावसायिक खेळाडूने अधिक काळजी घ्यायला हवी होती, असे म्हणून त्याला निर्दोष ठरवले नाही.

दाद मागितली की शिक्षा कमीच होते, हा समजही खरा नाही. पेरूचा कर्णधार पाओलो गेरेरो याच्या नमुन्यात २०१७ मध्ये कोकेनचा अंश सापडला. फिफाने आधी १ वर्षाची आणि अपिलात ६ महिन्यांची बंदी दिली, परंतु प्रकरण लवादापुढे गेले तेव्हा ती वाढून १४ महिने झाली. द्रव्य कोकाच्या पानांच्या चहातून गेले असावे, हे मान्य होऊनही असे घडले. पुढे स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाच्या तात्पुरत्या स्थगितीमुळेच तो रशियातील विश्वचषक खेळू शकला.

आपल्याकडचा मुलगा नियमांच्या दृष्टीने पॉग्बाच्याच रांगेत उभा आहे. भारतात २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी कायद्यानुसार शिस्तपालन समिती आणि अपील समिती आहे आणि आपली बाजू मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. मात्र गोळी कुठून आली हे सिद्ध करायला वकील लागतो, तज्ज्ञ लागतो, कधी कधी प्रयोगशाळेचा खर्चही करावा लागतो. युरोपातील खेळाडूच्या मागे क्लबचा डॉक्टर असतो, तर इथे रेशीमबागेच्या मैदानावर सकाळी सायकलने येणाऱ्या मुलाला आजारपणात सल्ला मिळतो तो कोपऱ्यावरच्या औषध दुकानातून. नियम कडक असावेत, याविषयी माझ्या मनात शंका नाही. ते सैल झाले तर सर्वांत आधी प्रामाणिक खेळाडूचे नुकसान होते. पण जबाबदारी संपूर्ण खेळाडूवर टाकायची असेल, तर त्याला माहिती देण्याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यायला हवी. हंगामाच्या सुरुवातीला जिल्हा संघटनेने नाडाच्या, म्हणजे आपल्या राष्ट्रीय संस्थेच्या, मार्गदर्शनाची मागणी करावी आणि त्या वर्गाला प्रशिक्षकांइतकेच शहरातील औषध विक्रेत्यांनाही बोलवावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ (Know Your Medicine) हे अ‍ॅप मोबाइलवर घेऊन औषधाचे नाव तपासता येते, ही साधी गोष्टही अनेक प्रशिक्षकांना अजून ठाऊक नाही.

प्रश्न : सामन्यानंतर चाचणीसाठी नाव निघाले आणि लघवीच झाली नाही, किंवा घरी जाण्याची घाई असली, तर काय होते? जिममध्ये मिळणारी पावडर घेतलेली चालते का?
– एक महाविद्यालयीन खेळाडू, मानेवाडा

उत्तर : लघवी होईपर्यंत थांबावे लागते, मग कितीही वेळ लागो. त्या वेळात सोबतचा कर्मचारी आपल्याला नजरेआड होऊ देत नाही. किमान ९० मिलिलिटर नमुना लागतो. तो चाचणी कर्मचाऱ्याच्या समोर द्यावा लागतो, आणि मग सीलबंद संचांतून खेळाडूनेच निवडलेल्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन बाटल्यांत तो खेळाडूच ओततो. झाकण घट्ट लागले का आणि बाटलीवरील क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो का, हे स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नये. ‘ए’ नमुन्यात काही आढळल्यास ‘बी’ नमुन्याची तपासणी मागता येते. निघून जाणे मात्र फार महागात पडते. इंग्लंडचा बचावपटू रिओ फर्डिनांड याने सप्टेंबर २००३ मध्ये चाचणी चुकवली आणि कोणतेही द्रव्य सापडलेले नसताना त्याला ८ महिने बाहेर बसावे लागले. २००४ च्या युरो स्पर्धेलाही तो मुकला. आजच्या नियमांत चाचणी टाळणे किंवा नाकारणे यासाठी ४ वर्षांपर्यंत बंदी आहे.

पावडरविषयी थोडक्यात सांगायचे तर प्रथिने आणि क्रिएटिन यांवर बंदी नाही. धोका भेसळीचा आणि लेबलवर न लिहिलेल्या घटकांचा असतो, आणि ‘ताकद लगेच वाढते’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या डब्यांत तो सर्वाधिक असतो. खेळाडू असाल तर सुट्या पुड्या आणि बिलाशिवाय मिळणारे डबे घेऊच नका.

प्रश्न : आमच्या क्लबमधील एका खेळाडूवर बंदी आहे. त्याला सरावाला येऊ दिले, किंवा लहान मुलांना शिकवायला लावले, तर चालेल का?
– एका क्लबचे पदाधिकारी, नागपूर

उत्तर : नाही. लाल कार्डामुळे एका-दोन सामन्यांचे निलंबन झालेला खेळाडू सरावाला येऊ शकतो, पण उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणातील बंदी वेगळी आहे. त्या काळात संघटनेशी संलग्न क्लबच्या सामन्यात, सरावात, प्रशिक्षणात किंवा पंचगिरीत कोणत्याही नात्याने भाग घेता येत नाही. शेवटचे २ महिने किंवा बंदीचा शेवटचा चतुर्थांश, यांपैकी जो काळ कमी असेल त्या काळात त्याला क्लबसोबत सराव सुरू करता येतो; १८ महिन्यांची बंदी असेल, तर शेवटचे २ महिने. बंदी मोडल्यास मूळ बंदीइतकाच काळ पुन्हा जोडला जाऊ शकतो आणि त्याला साथ देणारा प्रशिक्षकही कारवाईस पात्र ठरतो. एकाच संघातील दोनपेक्षा अधिक खेळाडू दोषी ठरले, तर संघावरही कारवाई होते. त्याला भेटायला, धीर द्यायला आणि त्याची फी किंवा नोकरी यांची विचारपूस करायला मात्र कोणताही नियम आड येत नाही, आणि ते आपण जरूर करावे.