मैदानावर बाप की वस्ताद?

प्रश्न : मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावी स्थायिक झालोय. गावातली पोरं पोलीस भरतीच्या मागे आहेत. ‘फौजी काका, आम्हाला तयार करा’ म्हणतात. माझी लेक बी.कॉम. झाली, तिलाही उतरायचंय. तिची आई म्हणते, आंडेर (पोरगी) पोरांसोबत पळणार, लोक काय म्हणतील? मैदानावर मी तिचा बाप राहू की वस्ताद?

उत्तर : फौजी दादा, वस्तादच राहा. फक्त तिची वेळ तुम्ही मोजू नका. धुळ्यात क्रीडाशिक्षकाची नोकरी करताना बापाच्या हातातलं घड्याळ मी पुष्कळ पाहिलंय. एक तर मायेनं लवकर थांबतं, नाही तर रागानं उशिरा. घड्याळ आणि वही वहिनींकडे द्या. सगळ्या पोरांच्या वेळा त्यांनीच लिहायच्या. आई मैदानावर उभी असली की गावाची तोंडं निम्मी आपोआप मिटतात.

आता तुमच्याबद्दल. फौजेच्या सवयीनं तुम्ही सगळ्यांना रोज पाच किलोमीटर दामटवाल, तेवढं करू नका. शिपाई भरतीत पोरांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, त्याला २० गुण. १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. आठशेला दम लागतो तसा वेगही लागतो. आठवड्यातून दोनदा दोनशे-चारशे मीटरचे तुकडे पळवा, मध्ये पुरेशी विश्रांती. डांबरी रस्ता नको, पायाच्या नळ्या भरतात. बोरी नदीच्या वाळूचं पोरांना भारी वेड असतं. कधीमधी ठीक, रोज नको. आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळिसाला टेकतो, तेव्हा सकाळी साडेसहाला मैदान रिकामं झालं पाहिजे.

गोळ्याकडे मात्र नीट बघा. गावात एकच गोळा असतो, तोही पोरांचा, ७.२६० किलोचा. मुलींचा ४ किलोचा असतो. लेकीनं तो मोठा उचलून सराव केला तर खांदा जाईल आणि तंत्रही बिघडेल. पोरांची खोड वेगळी : क्रिकेटवर वाढलेली, गोळाही चेंडूसारखा भिरकावतात. तो मानेला टेकवून ढकलायचा असतो. जोर पायातून, कमरेतून यायला हवा. हे एकेकाला जवळ उभं राहून, कोपर हातानं वर धरून दाखवावं लागतं.

मैदानी ५० गुणांचं, लेखी १०० गुणांची, हे पोरं सोयीनं विसरतात. संध्याकाळी अंकगणित लेकीला शिकवू द्या. तिच्याकडून काळ-काम-वेगाची गणितं शिकलेला पोरगा सकाळी तिच्या धावण्यावर शेरे मारणार नाही.

एक काम तुम्हालाच करावं लागेल, तेही अवघड. खुल्या गटाला वयाची अट २८ वर्षं, मागास प्रवर्गाला ३३. ज्याचं वय हातातून चाललंय आणि वेळ सुधारत नाही, त्याला खरं सांगा. टपरीवर नाही, त्याच्या बापासमोरही नाही. घरी बोलावून, चहा पाजून. बाकीच्यांना आत्ताच विचारा, भरती नाही झाली तर काय? पदवी अर्धवट सोडलेल्याला मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरायला लावा.

आणि थोडी फी घ्याच. फुकटच्या शिकवणीला पोरं उशिरा येतात. त्या पैशातून चार किलोचा गोळा, मापाची टेप आणि रेषा आखायला चुना आणा.