डिझेल गळत नाही म्हणून पाइप चांगला, असं नसतं

भाऊ, तुमचं सगळं दोनदा वाचलं. जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर, सकाळी एका सेल्फमध्ये चालू होतो, औषध फवारायचा ब्लोअर लावून द्राक्षबागेत दोन-तीन ओळी मारल्या की दम सोडतो, भकभक करून बंद पडतो, हँड प्रायमर (हातानं डिझेल चढवायची मूठ) मारला की परत चालू. खाली डिझेलचा एक थेंब नाही. आणि मेस्तरी म्हणतोय पंप, म्हणजे नोझलला दाबानं डिझेल देणारा मोठा पंप, उतरवून नाशिकला कॅलिब्रेशनला (डिझेलचं माप जुळवायला) न्यावा लागेल. तर पंपाला पाना लावायच्या आधी टाकी ते फीड पंप हा जो रबरी पाइप आहे तो बघा. तुम्हीच लिहिलंय की रबरी पाइप कंपनीतून आलेलेच आहेत, कधी बदलले नाहीत. मग माझा पहिला संशय त्याच्यावरच.

फीड पंप टाकीकडून डिझेल ओढतो. ओढणाऱ्या पाइपला बारीक चीर पडली की डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते, शहाळ्याची स्ट्रॉ वरून चिरली की कसं नुसतं फुर्रफुर्र होतं तसं. म्हणून खाली ओल दिसत नाही आणि आपण पाइपला क्लीन चिट देऊन मोकळे होतो. फीड पंपानंतरचे पाइप दाबाखाली असतात, ते फुटले की ओले दिसतात, त्यांचं निदान पोरगंसुद्धा करेल. आणखी एक खूण सांगतो, टाकी फुल असताना ट्रॅक्टर बरा चालतो आणि अर्ध्याच्या खाली गेली की नाटकं सुरू, असं होतंय का बघा. टाकी भरलेली असते तेव्हा डिझेल स्वतःच्या वजनानं खाली येतं, फीड पंपाला ओढावं लागत नाही. लेव्हल उतरली की ओढ वाढते आणि मग चिरेतून हवा.

हे मी हुशारीनं नाही शिकलो, पैसे घालून शिकलो. माझी बाग दोड्यात (फुलोऱ्याच्या सुमारास) होती, रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी डावणी या बुरशीच्या रोगाचा स्प्रे घ्यायचाच होता आणि ट्रॅक्टर तिसऱ्या ओळीत बंद. मोठा पंप उतरवला, कॅलिब्रेट करून आणला, दोन दिवस गेले, बसवला तर दुखणं जसंच्या तसं. शेवटी वैतागून परत पाइप काढायला गेलो तर क्लिपच्या मागं तो खुटकन मोडला, बिस्किटासारखा. वरून काळाभोर, गुळगुळीत, एक नंबर दिसत होता. क्लिपच्या खाली पूर्ण कडक. नाशिकच्या मायको सर्कलवरून पंप घेऊन येताना मी मनातल्या मनात पंपाला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या खरं तर त्या वीतभर रबराला घालायला हव्या होत्या.

आता तपासायचं कसं. सगळ्यात आधी टाकीचं झाकण सैल करून चालवा. झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलं तरी हुबेहूब हीच लक्षणं येतात, टाकीत व्हॅक्यूम होतो आणि डिझेल येत नाही. फुकटातलं काम आहे, हे आधी. त्यानं फरक पडला नाही तर पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, फीड पंपापेक्षा वर नीट बांधा आणि नवीन पाइपनं कॅनमधून थेट फीड पंपाला डिझेल द्या. तासभर व्यवस्थित चालला तर दोष टाकी ते फीड पंप याच्यातच आहे, मोठा पंप निर्दोष. ज्यांना बुडबुडे डोळ्यांनी बघायचेत त्यांनी फीड पंपाच्या तोंडाशी थोडा वेळ पारदर्शक नळी लावावी, पण फक्त बघण्यापुरती. आपल्याकडे गवंड्याची लेव्हल नळी लावून वर्षानुवर्षं ट्रॅक्टर चालवणारे महाभाग आहेत, ती डिझेलनं पिवळी पडते, दगडासारखी कडक होते आणि मग परत हवा. ड्रिपची मायक्रोट्यूब रिटर्नला (नोझलचं उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या पाइपाच्या जागी) लावलेलीही मी पाहिलीय, इंजिनच्या उष्णतेनं ती मऊ पडते आणि निपलवरून निसटते.

पाइप घेताना "डिझेलचा नायट्राइल होज" असंच मागा, दोऱ्याची वीण असलेला, अंगावर एसएई जे३० आर७ (इंधनाच्या पाइपाचा दर्जा) किंवा तसलं काही छापलेलं असेल तर उत्तम. रेडिएटरचा किंवा पाण्याचा रबरी पाइप चालत नाही, त्याच्यातलं रबर बहुतेक वेळा ईपीडीएम नावाचं असतं आणि ते डिझेलमध्ये फुगतं. माझ्या शहाणपणाचा दुसरा हप्ता हाच, पहिल्या वेळेस दुकानदारानं "चालतो हो, सगळे नेतात" म्हणून दिलेला पाइप काही महिन्यांत आतून सुजला, भोक अर्धं झालं. असा पाइप वरून ठणठणीत दिसतो, कधी कधी आतला थर सुटून पडद्यासारखा लोंबतो, इंजिननं जास्त ओढलं की तोच पडदा भोक बंद करतो. फिल्टर खोलल्यावर तळाला रबराचे काळे कण दिसले तर ते कुठून आले हे आता कळलंच असेल.

माप अंदाजानं घेऊ नका, ८ एमएम आणि १० एमएम हाताला सारखेच वाटतात. ज्या निपलवर पाइप चढतो तो मोजा, व्हर्निअर नसेल तर ड्रिलची बिटं जुन्या पाइपच्या न ताणलेल्या मधल्या भागात घालून बघा. नोझलच्या रिटर्नचा पाइप बारीक असतो, कापडी वेष्टनाचा, तोही सोबतच घ्या. सगळे पाइप एकदमच बदला, कारण सगळ्यांचं वय एकच, आज एक बदलला की उद्या शेजारचा जातो.

एक गोष्ट बरेच जण विचारतात, की पूर्वी पाइप वीस-वीस वर्षं टिकायचे, आता का नाही. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्याच्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, त्याच्या आधी ५० होतं. सल्फर काढताना डिझेलमधले अ‍ॅरोमॅटिक घटकही काही प्रमाणात कमी होतात, आणि त्यांच्यामुळं फुगून बसलेलं जुनं रबर मग थोडं आकसतं, सांधे हवा घ्यायला लागतात. ते एक कारण असू शकतं. पण खरं सांगू का, मळ्यात उन्हात उभा असलेला ट्रॅक्टर आणि सायलेन्सरची धग, एवढ्यानंच रबर मरतं.

काम इंजिन थंड असताना करा. आधी सगळं डिझेल-ब्रशनं धुऊन हवा मारा, नाहीतर वरची माती सरळ आत जाते. मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि एका वेळी एकच पाइप काढा. टाकीचा कॉक बंद केला म्हणून निर्धास्त राहू नका, जुने कॉक बंद होऊनही झिरपतात, डबा खाली ठेवाच. बिडी-सिगारेट लांब. डिझेल पेटत नाही असं समजू नका, आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते तो, किमान ३५ अंश ठरवलेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी नाशिकची हवाच त्याच्या वर जाते.

जुना पाइप पकडीनं पिळून ओढायचा नाही, निपल वाकतो. ब्लेडनं लांबीत चीर द्या, निपलवर ओरखडा न पाडता, आणि सोलून काढा. निपलवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर गोल फिरवून मारा, उभा नाही, उभ्या रेघेतून हवा जाते. नवीन पाइप धारदार ब्लेडनंच कापा, हेक्सॉचा भुगा आत राहतो. चढवताना टोकाला डिझेल लावा, ग्रीस नको. निपलच्या फुगवट्याच्या पुढं पाइप गेला पाहिजे आणि क्लिप फुगवट्याच्या मागं बसली पाहिजे. क्लिप नट-बोल्टची घ्या, दातेरी पट्टीवाली रबरात रुतते आणि लोक ती जीव खाऊन आवळतात, मग पाइप तिथंच कापला जातो. थोडी ढील ठेवा, इंजिन हलतं, पण उंट बसल्यासारखा वर कुबड येईल एवढी नको, त्या कुबडात हवा साठते. सायलेन्सर आणि फॅन बेल्टपासून लांब, बॉनेटला घासणार नाही असा. बँजो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो) खोललात तर तांब्याची वॉशर नवीनच टाका, दोन्ही बाजूंना.

मग एअर काढा. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू सैल, हँड प्रायमर मारत राहा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की डिझेल वाहत असतानाच स्क्रू बंद. तसंच दुसऱ्या फिल्टरला, मग मोठ्या पंपाला. प्रायमरची मूठ शेवटी परत दाबून पूर्ण आवळा, ती सैल राहिली की तिथूनच हवा आणि मग नवीन पाइपला बोल लागतो. सेल्फ १०-१५ सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये थांबा. नोझलचे नट सैल करून एअर काढणार असाल तर हात समोर धरू नका, नोझल दीड-दोनशे बारच्या दाबावर उघडतात आणि ती धार कातडीत शिरते, नंतर दवाखान्यात बोटावर शस्त्रक्रियेची वेळ येते. कॉमन रेलचा (सगळ्या नोझलना एकाच नळीतून फार जास्त दाबानं डिझेल देणारा) नवीन ट्रॅक्टर असेल तर त्या उच्च दाबाच्या बाजूला घरी हातच लावायचा नाही, तुमचा जुना आहे म्हणून एवढं सांगतोय.

झालं की टाकी मुद्दाम अर्ध्याच्या खाली ठेवून ब्लोअर जोडा आणि बागेत दहा-बारा ओळी मारा. तरीही बंद पडला तर फीड पंपाच्या तोंडाशी जी गाळणी असते काही पंपांना, ती काढून बघा आणि मग इथं लिहा, बुडबुडे कुठल्या फिल्टरच्या स्क्रूला येतायत ते नेमकं सांगा.