फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या

पायलट व्हायचंय, पण दमा आणि चष्मा आहे, म्हणून लगेच माघार घेऊ नका. पण प्रशिक्षणाची फी भरण्याआधी मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या. पुढे व्यावसायिक पायलट व्हायचं असेल तर क्लास 1 ची तपासणी करून घ्या. नुसती क्लास 2 व्यावसायिक परवान्याला पुरत नाही.

चष्म्याची चिंता सोडा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार क्लास 1 ला प्रत्येक डोळ्याची 6/9 दृष्टी लागते, ती चष्मा लावून आली तरी चालते. उड्डाणात जादा चष्मा मात्र हाताशी हवा.

दम्याचं तसं नाही. तिथं आजाराच्या नावापेक्षा तो किती आटोक्यात आहे हे बघतात: शेवटचा अटॅक कधी आला, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची ताकद मोजणारी चाचणी) काय सांगते, औषधं कोणती चालू आहेत. तपासणीत बरं दिसावं म्हणून इनहेलर मनानं बंद करू नका. छातीच्या डॉक्टरांचं ताजं पत्र आणि जुने रिपोर्ट सोबत न्या.

आणि कळकळीनं सांगतो, फॉर्मवर काहीही लपवू नका. नंतर उघड झालं तर परवाना जाऊ शकतो, आणि हवेत धाप लागली तर सोबतच्यांचाही जीव टांगणीला लागतो.

‘तात्पुरते अनफिट’ असा शेरा आला तर घाबरू नका. नेमकं काय कमी पडलं ते डॉक्टरांना तिथंच विचारा आणि तयारीनिशी फेरतपासणीला जा.