पायथनमधून कमांड चालवताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (सिडको, नाशिक): ओएस.सिस्टिम वापरून डिस्कची जागा दाखवणारी डीएफ कमांड चालवतो. तक्ता पडद्यावर येतो, व्हेरिएबलमध्ये मात्र ० किंवा २५६. असं का?

उत्तर: ओएस.सिस्टिम आउटपुट देतच नाही, कमांड कशी संपली एवढंच सांगतं. लिनक्सवर २५६ म्हणजे एक्झिट कोड (कमांड संपताना देते तो आकडा; ० म्हणजे यशस्वी) १, कारण तो वरच्या बाइटमध्ये ठेवलेला असतो. आउटपुट हवं तर सबप्रोसेस मॉड्यूलचं रन फंक्शन घ्या. त्यात कॅप्चर_आउटपुट आणि टेक्स्ट हे दोन्ही पर्याय ट्रू ठेवा (पायथन ३.७ पासून उपलब्ध). मग एसटीडीआउट (नेहमीचं आउटपुट), एसटीडीएरर (चुकांचे संदेश) आणि रिटर्नकोड (एक्झिट कोड) तिन्ही वेगवेगळे मिळतात. तिन्ही तपासा. रिकामं आउटपुट म्हणजे बिघाड असं नाही: मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडला काही सापडलं नाही तर ती १ देते, खरी चूक झाली तर २.

प्रश्न (सातपूर): मशीनचे लॉग वाचणारी कमांड सबप्रोसेसच्या पोपेनने सुरू करून, ती संपेपर्यंत वेटवर थांबतो. लहान फाइलला सगळं ठीक, मोठ्या फाइलला प्रोग्रॅम लटकतो. एररही येत नाही.

उत्तर: कमांड आणि तुमचा प्रोग्रॅम एकमेकांसाठी खोळंबले आहेत. लिनक्सवर पाइपची (कमांडचं आउटपुट प्रोग्रॅमपर्यंत नेणाऱ्या वाटेची) क्षमता साधारणपणे ६४ किलोबाइट असते. ती भरली की कमांड पुढचं लिहू शकत नाही आणि थांबते. तुमचा प्रोग्रॅम ती संपण्याची वाट पाहतो, पण पाइपमधलं वाचत नाही. लहान फाइल ६४ किलोबाइटच्या आत बसते, म्हणून चाचणीत हा दोष दिसत नाही आणि कारखान्यात चालू शिफ्टमध्ये उघडा पडतो.

वेटच्या जागी कम्युनिकेट वापरा. आधी सगळं एसटीडीआउट वाचून मग एसटीडीएरर वाचणं हा उपाय नाही, कारण तेवढ्यात एररचा पाइप भरला तर पुन्हा तीच कोंडी. कम्युनिकेट दोन्ही एकदम रिकामे करतं, पण सगळं मेमरीत ठेवतं. लॉग शेकडो मेगाबाइटचा असेल तर एसटीडीआउटला थेट उघडलेली फाइल द्या. टाइमआउटही (थांबण्याची कमाल वेळ) द्याच, पण कम्युनिकेटची वेळ संपली तरी कमांड आपोआप मरत नाही; ती किलने बंद करावी लागते. शिवाय, शेलमधून (टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) चालवलं असेल तर किलने फक्त शेल मरतो, त्याने सुरू केलेली कमांड मागे चालू राहू शकते.

प्रश्न (पंचवटी): ग्राहकाने टाकलेलं फाइलचं नाव कमांडमध्ये जोडतो. ‘लासलगाव कांदा भाव’ असं नाव आलं की फाइल सापडत नाही.

उत्तर: शेल मोकळ्या जागेवर नावाचे तीन तुकडे करतो. पण खरी काळजी वेगळी आहे: कोणी नावात अर्धविराम टाकून पुढे फाइल पुसणारी कमांड लिहिली, तर तीही चालेल. शेल=ट्रू (कमांड शेलमधून चालवण्याचा पर्याय) काढा आणि कमांड यादी म्हणून द्या; प्रत्येक भाग स्वतंत्र घटक. नाव वजाच्या चिन्हाने सुरू होत असेल तर कमांड त्याला पर्याय समजते, म्हणून नावाआधी दोन वजा चिन्हांचा घटक ठेवा. बहुतेक लिनक्स कमांड ते ओळखतात. यादी दिली आणि शेल=ट्रू तसंच राहिलं, तर लिनक्सवर फक्त पहिला घटक कमांड म्हणून चालतो. ही चूक फार सहज होते.

प्रश्न (ओझर): प्रोग्रॅम हाताने चालवला की चालतो, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारी सोय) ‘फाइल सापडली नाही’.

उत्तर: क्रॉनचा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो. टर्मिनलवर ‘कमांड -व्ही’ आणि पुढे प्रोग्रॅमचं नाव देऊन पूर्ण मार्ग काढा, तोच लिहा. सीडब्ल्यूडीही (कमांड ज्या फोल्डरमधून चालवायची तो) स्पष्ट द्या, कारण क्रॉन तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमधून नाही, होम फोल्डरमधून सुरू होतो.