येळवशीची पंगत आणि पुण्यातला फ्लॅट

औसा तालुक्यातील एका शिक्षकबंधूंनी लिहिले आहे : ‘ताई, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी आहे, लातुरात घर बांधले, कर्जही फिटले. तरी चुलतभावाने पुण्यात दुसरा फ्लॅट घेतल्यापासून आपण मागे पडलो असे वाटते. वडिलांची चार एकर कोरडवाहू जमीन. पण ते स्वतःला श्रीमंत म्हणवायचे. ती समजूत भाबडी होती का? शेत अजून आहे, मात्र खर्च नको म्हणून अलीकडे आम्ही येळवशीला शेतातल्या पंगतीस बाहेरच्या कुणाला बोलावत नाही.’

भाऊ, गरिबीतही सुख असते असला उपदेश मी आपल्याला करणार नाही. पावसाने दडी मारल्यावर शेंगा भरण्याआधीच सोयाबीन वाळते आणि सावकाराच्या दारात उभे राहावे लागते, अशा माणसाला समाधानाच्या गोष्टी ऐकवणे हा क्रूरपणाच आहे. पैशाने जो निर्धास्तपणा येतो तो आपल्यापाशी आहे. आपल्याला जाणवणारी उणीव पुण्यातल्या फ्लॅटवरून मोजलेली आहे, आणि तसा फ्लॅट आपल्याला हवा आहे असे आपल्या पत्रात एकदाही आलेले नाही.

वडिलांचे म्हणाल, तर मला ते भाबडे वाटत नाहीत. मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवचे रस्ते ओस पडतात आणि ज्याला स्वतःचे शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतातले बोलावणे असते. कडब्याच्या कोपीपाशी पूजा झाली, ओला हरभरा, तूर, वाटाणा घातलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे पानात पडले, की ज्या दुकानदाराकडे एरवी उधारीसाठी जायचे तोही आपल्या वडिलांच्या बांधावर पाहुणा म्हणून आंबील मागत असणार. त्या दिवशी देणारा हात त्यांचा होता, आणि वर्षभराच्या ओढाताणीतही त्यांनी तो आखडता घेतला नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेव्हा पैसेवाल्यांनाही टँकरची वाट पाहावीच लागली. बोअरचे पाणी शेजाऱ्यांना भरू देणाऱ्याचा मान त्या दिवसांत कुणापेक्षा कमी होता, असे कोणी म्हणेल का?

आता करायचे ते असे. सौभाग्यवतींना सोबत घेऊन मुलांचे शिक्षण, घरातले आजारपण आणि निवृत्तीनंतरचा खर्च कागदावर मांडा. कमी पडत असेल तर आवर्ती ठेवीचा हप्ता वाढवा, पुरत असेल तर तो विषय तिथेच मिटवा. (हे मागे पडणे त्यांनाही तितकेच जाणवते का, हेही विचारा, पत्रात त्यांचा उल्लेखच नाही.) यंदाच्या येळवशीला शेजारच्या शेतातले सालगडी आणि शाळेतले सहकारी यांना बोलवा. आंबिलीला ताक कमी पडले तर शेजारून आणता येते, त्याचा बाऊ करू नये. चुलतभावालाही आमंत्रण द्या, पण महिनाभर आधी, कारण ही सुट्टी आपल्याकडे असते, पुण्यात त्यांना रजा टाकावी लागेल.